फ्री सर्व्हिस संपल्या, आता गाडी कुठे टाकायची?

गोव्यातल्या मांद्र्याहून एका तरुणाने विचारलंय. गाडी १६० सीसीची, बीएस६ (धुराच्या नव्या नियमांची), पुढच्या चाकाला एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा). अडीच वर्षांत २१,००० किलोमीटर झालेत. रोजची धाव मांद्रे ते मोपा विमानतळ आणि परत. फ्री सर्व्हिस केव्हाच संपल्या. शोरूममध्ये गेल्या खेपेला ३,८०० रुपये बिल झालं, तरी ब्रेक मारला की पुढून ‘खट्’ आवाज येतोच. शिवाय हँडल मध्यावर आलं की किंचित अडकल्यासारखं वाटतं. शोरूमवाले म्हणाले, ‘एवढं नॉर्मल असतं.’ गावाजवळचा मेकॅनिक म्हणतो, दीड हजारात सगळं करून देतो. कंपनीची वॉरंटी पाच वर्षांची आहे. बाहेर काम केलं तर ती जाते का, आणि यापुढे गाडी कुठे टाकावी, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

मी कुठून बोलतोय ते आधी सांगतो. आयटीआय करून मी एका कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये लागलो, मेकॅनिकचा सुपरवायझर झालो, मग बाहेर पडून डिचोलीत स्वतःचं गॅरेज काढलं. आता गॅरेजवाला झालोय म्हणून शोरूमला शिव्या घालीन, अशी कोणाची अपेक्षा असेल तर ती पुरी होणार नाही. काही कामं आली की मी आजही गिऱ्हाइकाला सरळ शोरूमला पाठवतो.

शोरूमचा सगळा कारभार किलोमीटरवर चालतो. पुस्तकात तक्ता असतो: इतक्या किलोमीटरला ऑइल, इतक्याला फिल्टर, इतक्याला प्लग. तो तक्ता अख्ख्या देशासाठी एकच. जैसलमेरला तोच आणि मांद्र्याला तोच. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, किनाऱ्यावर बारा महिने खारा वारा असतो, आणि आत आमच्या बाजूला लाल धूळ. इथली गाडी किलोमीटरपेक्षा मिठाने आणि पाण्याने जास्त झिजते. तक्त्यातलं काम शोरूम व्यवस्थित करतं. तक्त्याबाहेरचं काम दिसायला कोणीतरी गाडी निवांत उघडून बघावी लागते, आणि तेवढी उसंत तिथे कोणाला नसते. सकाळी आलेल्या सगळ्या गाड्या संध्याकाळी धुऊन-पुसून द्यायच्या असतात. म्हणून माझा सल्ला असा की एकच जागा धरून बसू नका, कामं वाटून टाका.

वॉरंटीचं आधी उरकू. बाहेर चेनला ऑइल लावलं किंवा पंक्चर काढलं म्हणून वॉरंटी जात नाही. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने सुटे भाग आणि तपासणीची साधनं खुल्या बाजारात मिळू देत नाहीत म्हणून चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड ठोठावला होता. बाहेरच्या गॅरेजात काम केलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही त्यात बजावलं होतं. प्रकरण चारचाकींचं होतं, पुढे अपिलात गेलं, पण कायद्याचा कल कुठे आहे ते त्यावरून कळतं. व्यवहारात मात्र वेगळंच घडतं. उद्या इंजिनात काही निघालं तर वॉरंटीचा क्लेम शोरूमचाच माणूस भरणार, आणि कंपनी पहिली नजर टाकणार ती सर्व्हिसच्या नोंदींवर. ठरलेल्या सर्व्हिस वेळेवर झालेल्या दिसल्या नाहीत तर भांडायला तुमच्याकडे काही उरत नाही. तुमच्या गाडीची वॉरंटी अजून निम्मी बाकी आहे. तोवर पुस्तकातली प्रत्येक ठरलेली सर्व्हिस शोरूमलाच करा आणि नोंद चढली की नाही ते स्वतः बघा.

त्याच पुस्तकातलं शेवटचं पान मात्र कोणी वाचत नाही. ब्रेक शू, पॅड, क्लच प्लेट, चेन-स्प्रॉकेट, केबल, बल्ब, रबराचे भाग वॉरंटीत धरत नाहीत. बऱ्याच कंपन्या समुद्राच्या हवेने आलेला गंजही वगळतात. म्हणजे गोव्यात गाडीचं जे सगळ्यात आधी बिघडतं, नेमकं तेच वॉरंटीच्या बाहेर. ती कामं शोरूमलाच केली पाहिजेत असं मग काही उरत नाही.

वॉरंटीवरून खऱ्या कटकटी होतात त्या वायरी कापल्यामुळे. जादा फॉग लाइट, मोठा हॉर्न, मोबाइल चार्जर. कोणीतरी मूळ वायरिंग सोलून टेप गुंडाळतो, पावसाळ्यात तिथे पाणी शिरतं, हिरवट गंज धरतो आणि मीटरवर दिवे लागायला लागतात. असली गाडी शोरूमला गेली की क्लेम नामंजूर होतो आणि त्यात मला शोरूमचं काही चुकतंय असं वाटत नाही.

आता तुमचा ‘खट्’ आवाज. हा मी न बघताही बऱ्यापैकी खात्रीने सांगतो: कोनसेट. हँडलचा दांडा चॅसीच्या ज्या नळीतून जातो तिच्या वर आणि खाली एकेक बेअरिंग असतं. त्यातलं ग्रीस पावसाने आणि त्याहून जास्त प्रेशर वॉशने धुऊन जातं. धुणारा मुलगा गन थेट हँडलच्या मानेवर धरतो, कारण चिखल तिथेच साचलेला असतो. ग्रीस गेलं की गोळ्या कोरड्या पडतात आणि गंजतात. आपण बहुतेक वेळ गाडी सरळच चालवतो, त्यामुळे प्रत्येक खड्ड्याचा मार त्याच जागी बसून वाटीत बारीक खळगे पडतात. मग हँडल मध्यावर आलं की गोळ्या त्या खळग्यांत बसतात आणि हात अडकल्यासारखा वाटतो.

घरच्या घरी बघता येईल. गाडी मेन स्टँडवर घ्या, कोणाला तरी मागून दाबून धरायला सांगा आणि पुढचं चाक अधांतरी करा. एका बोटाने हँडल अगदी सावकाश डावीकडून उजवीकडे न्या. सगळीकडे मऊ जायला हवं. मध्यावर कट्ट झालं तर वाटी गेली. नंतर चाकासमोर बसून शॉकअपचे दोन्ही पाय खालून धरा आणि पुढे-मागे हलवा. खटखट लागलं तर कोनसेट सैलही झालाय. कधी तोच आवाज ब्रेक पॅड आपल्या जागेत हलल्यामुळेही येतो, म्हणून हे दोन्ही करून बघा.

हे दीड हजारवाल्याकडे नेलं तर तो काय करतो, तिथे त्याची परीक्षा आहे. वरचा नट आवळून ‘झालं’ म्हणाला तर तिथून निघा. आवळल्यावर आवाज थांबतो, पण गोळ्या त्याच खळग्यांत आणखी दाबून बसतात. हँडल जड होतं आणि गाडी सरळ रस्त्यावरही साप चालल्यासारखी डुलायला लागते. पावसात ते धोक्याचं. नट आवळायला त्याने छिन्नी-हातोडी काढली तर दुसऱ्या कुठल्याही कामाला त्याच्याकडे जाऊ नका. त्या नटासाठी आकडीचा पाना मिळतो, महाग नसतो. बरोबर काम म्हणजे पुढचं चाक आणि शॉकअप उतरवून जुन्या वाट्या ठोकून काढायच्या, नव्या सरळ बसवायच्या, वर-खाली भरपूर ग्रीस भरायचं, आणि नट एकदा घट्ट आवळून मग सैल करत बेताचा ठेवायचा. शेवटचं माप हातालाच कळतं. हे करायला मेहनतीचे दोन-तीन तास लागतात आणि शोरूमच्या संध्याकाळच्या घाईत ते बसत नाही. ‘नॉर्मल आहे’ या उत्तरामागे बहुतेक वेळा हेच असतं. तो माणूस लबाड असेलच असं नाही.

किनाऱ्यावरच्या गाडीत आणखी दोन-तीन जागा अशाच असतात. पुढच्या डिस्क ब्रेकच्या कॅलिपरला (पॅड दाबणाऱ्या भागाला) दोन पिना असतात, ज्यांवर तो सरकतो. मिठाने त्या धरतात, मग एकच पॅड झिजतो आणि डिस्क तापते. पिना काढून पुसून सिलिकॉन ग्रीस लावलं की दहा-पंधरा मिनिटांचं काम. साधं चेसिस ग्रीस लावलं तर रबराचे बूट फुगतात. मागच्या ड्रम ब्रेकचा कॅम गंजला की पेडल दाबल्यावर वर येत नाही. आणि स्विंग आर्मचा, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा, लांब बोल्ट: तो नेहमीच्या सर्व्हिसमध्ये कोणी बाहेर काढत नाही. मोरजी, आश्वे, हरमल या पट्ट्यातल्या पाच-सहा वर्षांच्या गाड्यांत तो बुशमध्ये असा काही बसतो की शेवटी ग्राइंडरने कापावा लागतो. दोन पावसाळ्यांतून एकदा काढून ग्रीस लावलं तर ही वेळ येत नाही. शोरूममध्ये हे काम सांगून बघा. सांगितलं तर करतील, पण जॉब कार्डवर लिहून घ्यावं लागेल.

शोरूमलाच न्यायची कामं कोणती, तेही तितकंच स्पष्ट सांगतो. एप्रिल २०२० पासून बीएस६ आलं आणि जवळजवळ सगळ्या गाड्यांतून कार्बोरेटर गेला. स्क्रू फिरवून आवाज ऐकून ट्युनिंग करणारे आमच्यातले चांगले चांगले हात एका वर्षात मागे पडले. आता इंजिनचा दिवा लागला की आधी स्कॅनर लावायचा. माझ्याकडे सगळ्या कंपन्यांना चालतो म्हणून विकला जाणारा स्कॅनर आहे, तो कोड वाचतो. पण काही गाड्यांत नवीन ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) बसवणं, चावी जुळवणं, एबीएसच्या युनिटमधली हवा काढणं यासाठी कंपनीचंच मशीन लागतं. १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे, म्हणजे हा प्रश्न तुमच्यासकट बहुतेकांचा. एबीएसचा दिवा चालू राहिला तर आधी चाकाजवळची सेन्सर रिंग चिखलाने भरलीय किंवा वाकलीय का ते बघायचं. तेवढं गॅरेजात होतं. पुढचं काही असेल तर शोरूम. ‘फ्यूज काढून टाकतो, दिवा लागणारच नाही,’ असं म्हणणारेही आपल्याकडे आहेत. दिवा जातो आणि त्याच्याबरोबर एबीएसही.

दुसरं म्हणजे रिकॉल. कंपनीला एखाद्या भागात दोष सापडला की ती गाड्या परत बोलावून फुकट बदलून देते. मे २०२१ मध्ये रॉयल एनफिल्डने इग्निशन कॉइलसाठी मीटिऑर, क्लासिक आणि बुलेट ३५० मिळून सुमारे २ लाख ३७ हजार गाड्या अशा बोलावल्या होत्या. बाहेरच काम करणाऱ्या कित्येकांना असलं काही कळतच नाही, कारण मेसेज जुन्या नंबरवर जातो. बऱ्याच कंपन्यांच्या वेबसाइटवर चॅसी नंबर टाकून बघता येतं, नाहीतर शोरूमला फोन करून विचारा. गाडी सेकंडहँड घेतली असेल तर हे आधी करा.

तिसरं, विम्याचं काम. अपघात झाला किंवा गाडी पाण्यात बुडाली तर शोरूमलाच टो करून न्या, कॅशलेस बहुधा तिथेच होतं. एक कळकळीने सांगतो: पुराच्या पाण्यात बंद पडलेली गाडी परत सुरू करू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्याने झालेलं नुकसान वेगळं आणि तुम्ही स्टार्टर मारून केलेलं वेगळं, असा वाद विमा कंपनी घालते. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं तर इंजिन न फिरवता आधी ऑइल काढायचं. आता पावसाळ्यात बाजारापर्यंत दोन-तीन किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीतही थोडं दुधाळ ऑइल दिसतं, कारण इंजिन पुरतं तापत नाही आणि आतलं बाष्प उडून जात नाही. तिथे घाबरायचं कारण नाही, पण ऑइल किलोमीटर न बघता वर्षातून एकदा तरी बदललंच पाहिजे.

आता पैशाकडे येऊ. ३,८०० रुपयांचं बिल समोर ठेवा आणि तीन रकाने करा: सुटे भाग, लेबर, आणि बाकीचं. भागांची किंमत एमआरपीवर असते, कर धरून. म्हणजे तोच ओरिजिनल ऑइल फिल्टर शोरूमला आणि माझ्याकडे जवळपास त्याच किमतीला पडतो. लेबर शोरूमचं जास्त असणारच; जागा, माणसं आणि वर १८ टक्के जीएसटी. खरा फरक तिसऱ्या रकान्यात सापडतो: इंजिन फ्लश, टेफ्लॉन कोटिंग, पॉलिश, चेन स्प्रे, ‘कन्झ्युमेबल्स’. काउंटरवरच्या पोराला या गोष्टींचं टार्गेट असतं, हे मी त्याच काउंटरमागे उभं राहून बघितलंय. मालकाच्या पुस्तकात इंजिन फ्लश कुठे लिहिलंय ते दाखवा म्हणा, बिलातून आपोआप जाईल. टेफ्लॉन प्लॅस्टिकच्या पॅनलवर मारतात. प्लॅस्टिक गंजत नाही. गंज खाली सायलेन्सरच्या जोडाला, स्टँडला, चेन ॲडजस्टरच्या नटांना धरतो आणि तिथे कोणी हात लावत नाही. हा तिसरा रकाना काढून टाकला तर कित्येकदा शोरूम आणि गॅरेजमध्ये पाचशे-सातशेचाच फरक राहतो.

मग दीड हजारात ‘सगळं’ कसं होतं? त्याला विचारा, सगळं म्हणजे काय. ऑइल सीलबंद डब्यातलं की कॅनमधून ओतलेलं? कुठल्या ग्रेडचं? क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो अशा मोटरसायकलला जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलं ऑइल लागतं. स्कूटरसाठी एमबी लिहिलेलं येतं, ते जास्त निसरडं असतं. चुकून ते मोटरसायकलमध्ये गेलं तर क्लच घसरायला लागतो, मग क्लच प्लेट बदलायचं बिल येतं आणि मूळ कारण कोणालाच सापडत नाही. माप किती टाकतो तेही बघा. डबा लिटरचा आहे म्हणून लिटरभर ओतायचं नसतं, प्रत्येक गाडीचं माप पुस्तकात दिलेलं असतं. जास्त झालं तर ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) एअर फिल्टरच्या पेटीत येतं. एअर फिल्टरही बदलतो की हवा मारून परत घालतो? हल्ली कित्येक गाड्यांना तेलाने ओलसर केलेला कागदी फिल्टर असतो. त्याला हवा मारली की कामच बिघडतं, तो बदलायचाच असतो. धुळीच्या रस्त्यावर तर पुस्तकात लिहिलंय त्याच्या आधी.

डुप्लिकेट भागांबद्दल एकच गाळणी पुरे. पाकीट सीलबंद आहे का, एमआरपी छापलीय का, आणि जुना भाग तुमच्या हातात मिळतो का. एमआरपीपेक्षा थोडं स्वस्त समजू शकतो, अर्ध्या किमतीत ओरिजिनल मिळत नाही. सगळंच कंपनीच्या डब्यात असायला हवं असंही नाही. चेन-स्प्रॉकेटला रोलॉन, प्लगला एनजीके, बेअरिंगला एसकेएफ घेतलं तर मला चालतं, कारण हे लोक गाड्यांच्या कंपन्यांनाही माल देतात. ब्रेक पॅडमध्ये आणि ऑइल सीलमध्ये मात्र स्वस्ताई करू नका.

चांगला मेकॅनिक शोधायचा कसा, हे विचारलं नाहीत तरी सांगतो, कारण खरी अडचण तिथेच आहे. पायलटांना, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्यांना, विचारा. पिवळ्या मडगार्डची गाडी घेऊन स्टँडवर उभा असलेला पायलट दिवसभर गाडीवर असतो. गाडी एक दिवस उभी राहिली तर त्याचा दिवस बुडाला, म्हणून तो परत परत तेच काम करायला लावणाऱ्याकडे जात नाही. फक्त त्याची गाडी बहुधा साधी १०० ते १२५ सीसीची असते, तेव्हा तुमच्या एबीएसचं आणि इंजेक्शनचं वेगळं विचारून घ्या. रेंटच्या गाड्यांची गर्दी ज्याच्या दारात आहे तो मेकॅनिक चांगला असेलच असं नाही. तिथे गाडी सीझनभर कशीबशी चालावी एवढंच बघतात.

गॅरेजात शिरल्यावर मी टॉर्क रेंच (नट ठरावीक जोरानेच आवळायचा पाना) बघतो. भिंतीला नुसता टांगलेला आहे की मूठ घासून गुळगुळीत झालीय, तेही दिसतं. ऑइलच्या ड्रेन बोल्टला बेताचाच जोर लागतो. पाइप घालून आवळला की खालच्या ॲल्युमिनियमचे आटे जातात, मग लेथवाल्याकडे जाऊन नवे आटे बसवून घ्यायचे. माझ्याकडे आटे गेलेल्या गाड्या येतात त्यांत शोरूममधून आलेल्याही असतात. एअर गनने भराभर नट मारणारा नवशिका दोन्हीकडे सापडतो. दुसरी गोष्ट, त्याला एखादं काम सांगून बघा जे त्याच्या आवाक्याबाहेरचं आहे. ‘हे माझ्याकडे होणार नाही, शोरूमला न्या,’ असं सरळ म्हणणारा मिळाला तर बाकीची कामं त्याच्याकडे डोळे मिटून द्या. आणि काम वहीत लिहून ठेवतो का ते बघा: तारीख, किलोमीटर, काय बदललं. छोट्या गॅरेजला जीएसटीचं बिल देता येत नसेल, पण कागदावर सही करून देता येतं. गाडी विकताना तेच कागद भाव धरून ठेवतात.

शोरूममध्येही माणूस शोधावा लागतो. काउंटरवरचा माणूस गाडी उघडत नाही, आतला उघडतो. एकदा तुमच्या गाडीचं काम चांगलं झालं तर करणाऱ्याचं नाव विचारून ठेवा आणि पुढच्या वेळी जॉब कार्डवर त्याचंच नाव टाकायला सांगा. तक्रार तुमच्या शब्दांत लिहायला लावा. ‘जनरल चेकअप’ असं लिहिलं की कोणी काहीच चेक करत नाही. ‘पुढचा ब्रेक मारताना हँडलच्या मानेत खट् आवाज, हँडल मध्यावर अडकतं, कोनसेट तपासणे’ असं लिहिलं तर कोणाला तरी उत्तर द्यावं लागतं. सुपरवायझरला मागे बसवून एक फेरी मारा, आवाज त्याच्या कानावर घाला. जादा काम निघालं तर आधी फोन, मग काम, हेही कार्डवर लिहा. जुने भाग परत मागा. तरी टोलवाटोलवी झाली तर कंपनीला मेल करा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबरही आहे.

बाकीच्यांसाठी भराभर सांगतो. कार्बोरेटरची जुनी गाडी असेल तर शोरूमचा मोह सोडा, तिथल्या नव्या पोरांनी कार्बोरेटर उघडलेलाच नसतो. स्कूटरला बेल्ट आणि रोलर बघणारा, चाकं उतरवायला आळस न करणारा साधा मेकॅनिक पुरतो. चारशे सीसीच्या वरच्या महागड्या गाड्यांना गोव्यात मोजकी ठिकाणं आहेत, तिथे भाग मिळायलाच वेळ लागतो. त्या घेण्याआधीच सर्व्हिस कुठे होईल ते विचारा. इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी आणि कंट्रोलर कंपनीकडे, ब्रेक-टायर कुठेही. आणि जहाजावर जाणाऱ्यांची गाडी सहा-आठ महिने घरी उभी असते, तिला परत आल्यावर आधी गॅरेज दाखवा. हल्लीच्या वीस टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलमध्ये ओल धरते, टाकी गंजते, पंप अडतो. जुनं पेट्रोल काढल्याशिवाय स्टार्टर मारत बसू नका.

तर मांद्र्याच्या गाडीचं असं करा. कोनसेट आधी शोरूमला वर सांगितलं तसं लिहून दाखवा. वॉरंटीत बसतो का ते त्यांना कागदावर सांगू द्या. नाही म्हणाले तर गॅरेजात बदलून घ्या, फक्त आकडीचा पाना बघून. त्याच वेळी कॅलिपरच्या पिना, मागच्या ब्रेकचा कॅम आणि स्विंग आर्मचा बोल्ट करून घ्या, पुढचं चाक उतरलेलंच असतं, मागचंही उतरवून घ्या. ब्रेक ऑइल अडीच वर्षांत एकदाही बदललं नसेल तर तेही; ते हवेतली ओल शोषतं आणि दोन वर्षांनी बदलायचंच असतं. ठरलेली सर्व्हिस वॉरंटी संपेपर्यंत शोरूमला. पुढच्या वेळी तिथे गाडी धुवायला देऊच नका, नाहीतर नवा कोनसेटही त्याच गनखाली जाईल. घरी नळीने, जोर न लावता, साध्या पाण्याने धुवा. पावसाळ्यात आणि वारा समुद्रावरून सुटलेला असेल तेव्हा आठवड्यातून एकदा मीठ निघून जायला एवढं पुरतं. चेन सुकल्यावरच स्प्रे मारा, ओल्या चेनवर मारलेला वाहून जातो.

आणि काम चवथीच्या आदल्या आठवड्यात काढू नका. तेव्हा शोरूम असो की गॅरेज, अर्धी माणसं गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या सामानाला आणि मखराला गेलेली असतात, उरलेल्यांच्या डोक्यावर सगळ्या गाड्या. एप्रिल-मे मध्ये एकदा, पाऊस यायच्या आधी, आणि दसऱ्यानंतर एकदा, मधल्या वारी सकाळी लवकर गाडी न्या.